बाबांनी चार्ज दिला, पण किती टक्के?

माझे सासरे ग्वाल्हेरच्या एजी ऑफिसातून, म्हणजे महालेखापालांच्या कार्यालयातून, निवृत्त झाले, त्या संध्याकाळी हार हातात घेऊनच घरात शिरले आणि खुर्चीत टेकत म्हणाले, "चला, दिला एकदाचा चार्ज." माझा मुलगा तेव्हा सहा वर्षांचा. मोबाइलमधून डोकं वर न काढता त्यानं विचारलं, "किती टक्के झाला, आजोबा?"

"शंभर," बाबा म्हणाले. "आता आमची बॅटरी शून्य."

तेवढ्यात आतल्या खोलीतून यांचा आवाज येत होता. हे इथल्या खंडपीठात वकिली करतात. कुणा पक्षकाराला फोनवर समजावत होते, "अहो, चालान पेश झालंय, चार्ज अजून लागायचाय, एवढी घाई कसली?" आणि मी ओट्यापाशी विजेचं बिल वाचत उभी. त्यात 'नियत प्रभार' आणि 'ऊर्जा प्रभार' अशा दोन रकमा. एकाच घरात, एकाच संध्याकाळी, एकच शब्द चार वेश घालून हिंडत होता आणि कुणालाच त्याचं काही वाटत नव्हतं.

मला वाटलं, कारण माझा धंदाच तो. मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात घरीच इंग्रजीच्या शिकवण्या घेते. 'चार्ज' हा शब्द धड्यात आला की मुलं वहीत यादी करतात: शुल्क, आरोप, हल्ला, जबाबदारी, विद्युतभार, ताबा. किराण्याच्या यादीसारखी ती घोकतात आणि पेपरात नेमका चुकीचा अर्थ उचलतात. दोष मुलांचा नाही. यादीतल्या शब्दांचा एकमेकांशी काय संबंध, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. चोरीचा आरोप आणि मोबाइलची बॅटरी यांचं नातं काय असणार?

नातं आहे. ते कळायला एक बैलगाडी पुरते.

फार पूर्वी, रोमन लोकांची गाठ गॉल प्रांतातल्या केल्टिक टोळ्यांशी पडली. त्या टोळ्यांच्या गाड्या चांगल्या असत. रोमनांनी गाड्या उचलल्या आणि गाडीचा शब्दही उचलला: 'कारुस'. त्यावरून उत्तरकालीन लॅटिनमध्ये क्रियापद झालं 'कारिकारे', म्हणजे गाडीत माल चढवणे. ते फ्रेंचांच्या तोंडी 'शार्जिए' झालं आणि तेराव्या शतकापर्यंत इंग्रजीत 'चार्ज' म्हणून येऊन बसलं. तिथला त्याचा पहिला अर्थ साधा होता: ओझं. गाडीवर, घोड्यावर, जहाजावर किंवा माणसाच्या पाठीवर जे लादतात ते.

याच घराण्यातली बाकीची भावंडंही आपल्या ओळखीची आहेत. 'कार' आणि 'कॅरेज' तर उघडच आहेत. 'कॅरी' म्हणजे वाहून नेणे. 'कार्गो' स्पॅनिशमधून आला, तोही लादलेला माल. आणि 'कॅरिकेचर', म्हणजे व्यंगचित्र, हे इटालियनमधून आलेलं. चेहऱ्यावर नाकाचं किंवा मिशांचं नको इतकं ओझं लादलं की झालं कॅरिकेचर. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला इतका आनंद झाला की त्या दिवशीची शिकवणी मी त्यातच घालवली.

तर चित्र एवढंच: कशावर तरी काहीतरी चढवलं. कशावर आणि काय, ते बदलत जातं. गाडीवर माल चढवला तर ओझं, माणसावर काम चढवलं तर जबाबदारी, ग्राहकावर रक्कम चढवली तर आकार, संशयितावर गुन्हा चढवला तर आरोप.

आता गंमत अशी की मराठीला हे नवं नाहीच. आपण 'बोजा चढवतो', 'कर बसवतो', 'दोष लादतो', 'व्याज चढतं', 'हल्ला चढवतो'. सातबाराच्या 'इतर हक्क' रकान्यात बँकेचं कर्ज नोंदवलं की त्याला 'बोजा चढवला' म्हणतात, कर्ज फिटलं की 'बोजा उतरवला'. कायद्याच्या इंग्रजीत त्याला नेमका 'चार्ज'च म्हणतात. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १००मध्ये त्याची व्याख्या आहे. तलाठ्यानं लॅटिन शिकायची गरज नव्हती. ओझ्याची उपमा त्याच्या भाषेत आधीपासून होती.

'आरोप' हा शब्दही फोडून बघा. 'आ' अधिक 'रुह्', म्हणजे वर चढणे. त्याचं प्रयोजक रूप, वर चढवणे. धनुष्याला दोरी चढवण्यालाही संस्कृतात आरोपणच म्हणतात. म्हणजे रामानं धनुष्यावर दोरीचा 'आरोप' केला आणि पोलिसांनी माणसावर चोरीचा. इंग्रजीत जसं हत्यारही चार्ज करतात आणि माणसालाही, तसंच.

आणि 'बार'! फारसीत 'बार' म्हणजे ओझं. आपल्या 'भार'चा तो सख्खा चुलतभाऊ. 'बारदान' त्यातूनच आलं. मराठीत बंदुकीत दारू ठासली की 'बार भरला', चाप ओढला की 'बार उडाला', आणि दारू सादळलेली निघाली तर 'फुसका बार'. कुणी तंबाखूचा बार भरतं, कुणी मुलीच्या लग्नाचा बार उडवून मोकळं होतं. बंदुकीत एका वेळी भरायच्या दारूला इंग्रजीत काय म्हणतात? चार्ज. बार उडण्याला काय म्हणतात? डिस्चार्ज. भरणे आणि रिकामं होणे.

ही बंदूक लक्षात ठेवा, कारण मोबाइलचा रस्ता तिच्यातूनच जातो.

१७४५-४६च्या सुमारास युरोपात 'लायडनची बरणी' नावाचं एक उपकरण निघालं. काचेच्या बरणीला आतबाहेर धातूचा पत्रा. तिच्यात वीज साठवता येई आणि हात लावला की सणसणीत झटका बसे. अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिन या बरण्यांवर प्रयोग करत होता आणि लंडनच्या पीटर कॉलिन्सनला पत्रांतून कळवत होता. बरणीत वीज भरणं आणि तिचा एकदम कडाका उडणं, हे सगळं दिसायला तोफेसारखंच. त्यामुळे शब्दही तोफखान्यातून आले: भरली की 'चार्ज', उडाली की 'डिस्चार्ज'. पुढे १७४९मध्ये त्यानं काचेची अनेक तावदानं एकत्र जोडली आणि त्या संचाला नाव दिलं 'बॅटरी'. बॅटरी म्हणजे ओळीनं मांडलेल्या तोफा. आज आपण बॅटरी चार्ज करतो तेव्हा, शब्दापुरतं बोलायचं तर, तोफांच्या रांगेत दारू ठासत असतो.

इथे शास्त्राची एक बारीक खोच आहे, आणि शाळेत ती बहुतेक सुटून जाते. आपल्याला वाटतं की मोबाइल चार्ज केला म्हणजे त्यात विद्युतभार साठला, टाकीत पाणी भरावं तसा. तसं होत नाही. बॅटरीच्या एका टोकातून जेवढे इलेक्ट्रॉन आत जातात तेवढेच दुसऱ्या टोकातून बाहेर पडतात. एकूण भार आधी शून्य होता, नंतरही शून्यच. साठते ती ऊर्जा, आणि ती रासायनिक रूपात साठते. भरलेल्या बॅटरीला 'चार्ज्ड' म्हणणं फ्रँकलिनच्या बरणीवरून आलेली सवय आहे. बरणीतही आत जितका धन तितकाच बाहेरच्या पत्र्यावर ऋण असे, हे स्वतः फ्रँकलिननंच दाखवून दिलं होतं.

मोबाइलच्या खोक्यावर '५००० मिलिॲम्पिअर-तास' असं लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ असा: पूर्ण भरल्यापासून रिकामी होईपर्यंत या बॅटरीतून बाहेरच्या तारेत एकूण ५ ॲम्पिअर-तास भार वाहून जाईल. एका ॲम्पिअर-तासात ३६०० कूलॉम, म्हणजे १८,००० कूलॉम. आणि एक कूलॉम म्हणजे सुमारे ६२४ वर सोळा शून्यं इतके इलेक्ट्रॉन. गाडी केवढी आणि हमाल किती!

बॅटरीवरून आठवलं. "माझं चार्जिंग संपलंय" असं आपण सर्रास म्हणतो. अर्थ: बॅटरी उतरली, फोन बंद पडतोय. हेच वाक्य शब्दशः इंग्रजीत केलं तर ऐकणारा म्हणेल, वा, म्हणजे फोन पूर्ण भरला! इंग्रजीत 'चार्जिंग' म्हणजे भरण्याची क्रिया. ती संपली म्हणजे काम झालं. मराठीत आणि हिंदीतही 'चार्जिंग' ही क्रिया राहिलीच नाही, ती वस्तू झाली. तेलासारखी. फोनमध्ये थोडं चार्जिंग शिल्लक असतं, कुणाचं लवकर उतरतं, प्रवासात पुरवून वापरावं लागतं. माझ्या एका विद्यार्थिनीनं मुलाखतीत नेमकं हेच वाक्य इंग्रजीत टाकलं आणि समोरचे गोंधळले. मी तिला सांगितलं, मराठीत खुशाल म्हण, इंग्रजीत मात्र 'माय बॅटरी इज डेड' म्हण.

हत्यारांच्या वाटेनंच 'हल्ला' हा अर्थ आला, असं मानतात. पूर्वी भाला आडवा धरून, नेम साधून वापरायला तयार करणं यालाही चार्ज म्हणत. मग तसा भाला रोखून घोडा फेकणं म्हणजे चार्ज. ज्यावर बसून असा हल्ला चढवायचा तो लढाऊ घोडा 'चार्जर'. (चार्जर म्हणजे मोठं ताटही; १६११च्या इंग्रजी बायबलात योहानाचं शिर चार्जरमध्ये ठेवून आणतात. हे वाचताना माझ्या मुलांच्या डोळ्यांपुढे काय आलं असेल, ते मी सांगायला नको.) ग्वाल्हेरकरांना घोडदळाचा चार्ज पुस्तकातून शिकावा लागत नाही. फुलबागेत राणी लक्ष्मीबाईंची समाधी आहे. जून १८५८मध्ये कोटा की सरायजवळ इंग्रजांच्या आठव्या हुसार घोडदळानं जो चार्ज केला, त्याच लढाईत राणीसाहेब पडल्या.

आता घोडे गेले, लाठ्या राहिल्या. 'लाठीचार्ज' हा शब्द अर्धा आपला आणि अर्धा त्यांचा, आणि भारतात जन्मलेला. पुण्याच्या वर्तमानपत्रात 'लाठीमार' छापतात. ग्वाल्हेरचे मराठी लोक घरातसुद्धा लाठीचार्जच म्हणतात. आमची भाषा हिंदीच्या मांडीवर वाढलेली, त्याचा असा कुठे कुठे डाग लागतो. मला त्याची लाज वाटत नाही. उलट दोन्हीकडचे शब्द शेजारी ठेवायला मिळतात, हा फायदाच.

उदाहरणार्थ हा: विद्युतभाराला महाराष्ट्रातल्या पाठ्यपुस्तकांत 'प्रभार' म्हणतात, धनप्रभार आणि ऋणप्रभार. आमच्याकडे मुलं हिंदीतून 'आवेश' शिकतात, धन आवेश, ऋण आवेश. माझ्या मुलानं पहिल्यांदा हे घरी येऊन सांगितलं तेव्हा बाबांना हसू आवरेना. मराठीत आवेश म्हणजे तावातावानं बोलणं! पण विचार केला तर हिंदीवाल्यांनी चूक केलेली नाही. इंग्रजीतही 'इमोशनली चार्ज्ड' म्हणतातच, भावनेनं भरलेलं, कधीही ठिणगी पडेल असं. आणि आपल्याकडे त्याला अगदी घरचा शब्द आहे: भारलेलं. मैफल रंगली की सगळं वातावरण भारलेलं असतं, माणूस भारावून जातो. कुणी मंतरून धागा भारतो. तोच भार, मणाचा नसलेला.

आणि 'प्रभार' आमच्याकडे वेगळंच काम करतो. पोलीस ठाण्याचा अधिकारी 'थाना प्रभारी', आणि वीजबिलातली ठरावीक रक्कम 'नियत प्रभार'. माझी नणंद पुण्यात असते. तिच्या बिलात त्याच रकमेला 'स्थिर आकार' म्हणतात. एकदा दोघींनी फोनवर बिलं समोर ठेवून जुळवणी केली. दोन्ही बिलांत युक्ती एकच: वीज वापरा किंवा वापरू नका, जोडणी घेतलीत म्हणून दर महिन्याला एक ओझं तुमच्यावर, ते फिक्स्ड चार्ज, आणि जितकी युनिटं जाळाल तितकं दुसरं ओझं, ते एनर्जी चार्ज. बिल कमी यावं म्हणून दिवे कितीही विझवले तरी पहिली रक्कम पूर्ण टळत नाही, हे कळलं की निम्मी भांडणं मिटतात.

पैशाच्या चार्जबद्दल बोलायचं तर हॉटेलातल्या 'सर्व्हिस चार्ज'वर थांबायलाच हवं. तो कर नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ला मार्गदर्शक सूचना काढल्या की हॉटेलनं तो आपोआप बिलात चढवायचा नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२५मध्ये त्या सूचना ग्राह्य ठरवल्या. दुसरा शब्द व्यापाऱ्यांच्या तोंडी असतो: जीएसटीतला 'रिव्हर्स चार्ज'. एरवी कर विकणारा भरतो. इथे ओझं उलट्या दिशेनं, घेणाऱ्यावर. आणि याचं सर्वांत ओळखीचं उदाहरण कोणतं? मालवाहतूक. ट्रकवाल्या एजन्सीनं स्वतः कर भरायचा पर्याय घेतलेला नसेल, तर भाड्यावरचा कर भाडं देणाऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्याला भरावा लागतो. शब्द फिरून फिरून परत गाडीपाशीच आला.

पण बाबांचा आवडता चार्ज यातला कुठलाच नाही. एजी ऑफिस म्हणजे राज्याच्या जमाखर्चाचं दप्तर. तिथे आयुष्य घालवलेल्या माणसाला 'चार्ज्ड' आणि 'व्होटेड' हे दोन शब्द झोपेतही येतात. मराठीत भारित आणि दत्तमत. संविधानाच्या अनुच्छेद ११२मध्ये काही खर्च देशाच्या संचित निधीवर 'भारित' ठरवले आहेत: राष्ट्रपतींचं वेतन, सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचं वेतन, नियंत्रक व महालेखापरीक्षकाचं वेतन, सरकारी कर्जाचं व्याज, न्यायालयानं सरकारला भरायला लावलेल्या रकमा. या खर्चांवर संसदेत चर्चा होऊ शकते, मतदान होत नाही. राज्यांसाठी अशीच तरतूद अनुच्छेद २०२मध्ये. कारण उघड आहे. न्यायाधीशानं सरकारविरुद्ध निकाल दिला म्हणून पुढच्या अर्थसंकल्पात त्याचा पगार मतदानानं उडवता येऊ नये. बाकी सगळे खर्च सभागृहानं हात वर केल्यावर मिळतात. हा बोजा निधीच्या पाठीवर आधीच चढवून ठेवलेला. बाबा म्हणायचे, "घरात तुझी भाजी दत्तमत आहे, माझा सकाळचा चहा भारित." त्यावर आजवर कुणी मतदान मागितलेलं नाही.

आता बाबांनी 'दिला' तो चार्ज. कार्यालयात चार्ज देणं-घेणं म्हणजे पदाचं ओझं एकाच्या डोक्यावरून दुसऱ्याच्या डोक्यावर. मराठीत 'पदभार', 'कार्यभार'. दोन्हींत भार शाबूत. साहेब रजेवर गेले की शेजारच्या साहेबांकडे 'अतिरिक्त कार्यभार' येतो, आणि त्यांचा चेहरा बघून ते खरंच ओझं आहे याची खात्री पटते. राजदूत नसताना दूतावास सांभाळणाऱ्याला फ्रेंचमध्ये 'शार्जे दाफेर' म्हणतात, शब्दशः 'कामकाज लादलेला'. ऑगस्ट २०१९पासून इस्लामाबादेत भारताचा आणि दिल्लीत पाकिस्तानचा उच्चायुक्त नाही. दोन्हीकडे असेच कामकाज लादलेले अधिकारी कारभार पाहतात. वर्तमानपत्रात त्यांना 'प्रभारी' म्हणतात, म्हणजे आमच्या थाना प्रभारींचे ते बिरादरच.

इथे इंग्रजीतला एक सापळा आहे आणि माझ्याकडची हुशार मुलंही त्यात पडतात. 'द नर्स इज इन चार्ज ऑफ द बेबी' म्हणजे नर्स बाळाला सांभाळते. 'द बेबी इज इन द चार्ज ऑफ द नर्स' म्हणजे बाळ नर्सच्या ताब्यात आहे. एक छोटासा 'द' मध्ये आला आणि सांभाळणारा व सांभाळला जाणारा यांची जागा बदलली. 'द' विसरलात तर बाळ नर्सला सांभाळू लागतं. (ते बाळ म्हणजे नर्सचा 'चार्ज', हाही एक अर्थ आहेच: जिचा भार आपल्यावर आहे ती व्यक्ती.) आणि 'आमचे इनचार्ज रजेवर आहेत' असं इनचार्जला नाम करून वापरणं आपल्याकडचं. कार्यालयात बिनधास्त वापरावं; परदेशी अर्जात लिहिताना 'पर्सन इन चार्ज' लिहावं.

अव्ययांचं तर यांनीच मला एकदा जेवताना सुनावलं होतं. माझ्या वहीत कुणीतरी 'चार्ज्ड फॉर थेफ्ट' लिहिलं होतं आणि मी ते तसंच सोडलं होतं. "म्हणजे काय, चोरी करायचे पैसे घेतले?" पैसे घ्यायचे तर 'फॉर', गुन्हा लावायचा तर 'विथ': चार्ज्ड विथ थेफ्ट, कारण गाडी मालानं भरावी तसा माणूस गुन्ह्यानं भरला. बैल अंगावर धावून आला तर 'ॲट'. कुणाच्या खात्यावर मांडायचं तर 'टू'.

कोर्टातल्या चार्जचा घोळ मात्र इंग्रजी येणाऱ्यांचाही होतो, म्हणून जरा सावकाश. लोक ज्याला चार्जशीट म्हणतात, आमच्याकडे ज्याला 'चालान' आणि महाराष्ट्रात 'दोषारोपपत्र' म्हणतात, तो पोलिसांच्या तपासाचा अहवाल असतो. (पुण्याच्या नणंदेला चालान म्हटलं की सिग्नल मोडल्याचा दंड आठवतो.) आरोपी कोठडीत असेल तर हा अहवाल गुन्ह्याच्या गांभीर्यानुसार ६० किंवा ९० दिवसांत यावा लागतो; नाही आला तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. १ जुलै २०२४पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, तरी ही मुदत तीच आहे. पण अहवाल आला म्हणजे चार्ज लागला असं नव्हे. चार्ज ठेवतं ते न्यायालय, कागदपत्रं पाहून, दोन्ही बाजू ऐकून. 'चालान पेश झालं, चार्ज लागायचाय' या यांच्या वाक्याचा अर्थ हा: पोलिसांनी माल आणून दारात टाकलाय, तो गाडीवर चढवायचा की नाही हे न्यायाधीश ठरवणार.

न्यायाधीशाला वाटलं की यात दम नाही, तर तो आरोपीला 'डिस्चार्ज' करतो. आरोपमुक्त. म्हणजे ओझं चढलंच नाही, खटला उभाच राहिला नाही. खटला पूर्ण चालून सुटका झाली तर ती 'ॲक्विटल', दोषमुक्त. बातम्यांत दोन्हींना सरसकट 'निर्दोष सुटका' छापतात आणि हे वर्तमानपत्र आपटतात. फरक शाब्दिक नाही. दोषमुक्त झालेल्यावर त्याच गुन्ह्याचा खटला पुन्हा चालत नाही. आरोपमुक्ताला ते कवच नसतं, नवा पुरावा निघाला तर गाडी पुन्हा दारात येऊ शकते.

ज्युरी होती तेव्हा न्यायाधीश त्यांना पुरावा आणि कायदा समजावून सांगायचा, त्या भाषणालाही चार्जच म्हणत. ज्युरीवर टाकलेली समज. १९५९मध्ये नौदल अधिकारी नानावटी यांच्यावरच्या खुनाच्या खटल्यात ज्युरीनं 'दोषी नाही' म्हटलं, पण त्या 'चार्ज'मध्येच दिशाभूल झाली असं मुंबई उच्च न्यायालयानं ठरवलं आणि निकाल फिरला.

'डिस्चार्ज'चे बाकीचे अर्थ आता तुम्हीच लावाल. दवाखान्यातून, सैन्यातून, कर्जातून. धरणाच्या दारातून सुटतं त्या पाण्यालाही डिस्चार्ज, मराठी बातम्यांत 'विसर्ग'. विश्वेश्वरय्यांनी १९०३ला खडकवासल्याला जी आपोआप उघडणारी दारं बसवली, त्याच धर्तीची पुढे आमच्या तिघरा धरणाला बसली. पाण्याचा भार ठरावीक उंचीच्या वर गेला की दार आपण होऊन मोकळं.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या रविवारी बाबांनी नातवाला जयविलास दाखवायला नेलं, मीही गेले. १८७४चा हा महाल. दरबार हॉलची झुंबरं टांगण्याआधी छत पेलेल की नाही हे पाहायला त्यावर हत्ती चढवले होते, अशी गोष्ट ग्वाल्हेरात प्रत्येक पोराला सांगतात, तशी आम्हीही सांगितली. पण त्याचं लक्ष जेवणघरातल्या टेबलावर. तिथे चांदीची छोटी आगगाडी आहे, रुळांसकट. मेजवानीत ती पाहुण्यांसमोरून मद्याचे बुधले घेऊन फिरायची, आणि बुधला उचलला की थांबायची, असं सांगतात. इंग्रजीत मेजवानीला 'चार्ज युअर ग्लासेस' म्हणतात, प्याले भरा. ते मी त्याला सांगणार होते, पण सहा वर्षांचं वय पाहून गप्प बसले.

"आजोबा, ही चार्जिंगवर चालते?"

"नाही रे, सरळ विजेवर."

"मग हिचा चार्ज कुठाय?"

बाबांनी डब्यांतल्या बुधल्यांकडे बोट दाखवलं.